‘अपरिमेय’ म्हणजे अमाप का?

प्रश्न : शब्दकोशात ‘अपरिमेय’चा अर्थ अमाप, मोजता न येणारे असा मिळतो. मग √२ अपरिमेय कशी? १० सेंमी बाजूच्या चौरसाचा कर्ण बाजूच्या √२ पट असतो, आणि तो पट्टीने मोजता येतोच की. आणि करणी म्हणजेच अपरिमेय संख्या ना?

— ‘अमाप’ इथे आणूच नका. १.४१ चा वर्ग १.९८८१, १.४२ चा २.०१६४, √२ या दोघींच्या मधे नीट बसलेली आहे. ‘मेय’ म्हणजे मोजता येणारं, पण इथे मोजायचं ते बाजूच्या मापाने. बाजूचे कितीही बारीक समान भाग केले, तरी असा एकही भाग कर्णात नेमका पूर्ण वेळा बसत नाही. पट्टीवर १४.१ दिसतं ती पट्टीची मर्यादा.

— शुल्बसूत्रांत (यज्ञवेदींच्या रचनेच्या प्राचीन ग्रंथांत) या कर्णाला ‘द्विकरणी’ म्हटलंय, कारण त्यावरचा चौरस मूळच्या दुप्पट होतो. तिथलं मूल्य १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. पडताळा घ्या : ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. अवघ्या एकाने हुकलं! ५७७/४०८ मात्र परिमेयच (दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येणारी), जसं २२/७. पाय (π) अपरिमेय आहे, २२/७ नाही. गल्लत सर्रास होते.

— करणीबद्दल : धन परिमेय संख्येचं मूळ अपरिमेय निघालं तरच करणी. पाय अपरिमेय, पण करणी नाही. √(९/४) वर मूळचिन्ह आहे, पण ती ३/२, म्हणून करणी नाही. आधी सोपं रूप द्या, मग गट ठरवा. दशांश रूपात ‘अखंड’ (न संपणारं) एवढंच पाहूनही चालत नाही. ०.३३३… अखंड पण आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारं), म्हणून परिमेय, ०.१०१००१०००१… अनावर्ती, म्हणून अपरिमेय.

— माझ्या मते खरा घोटाळा ‘पूर्णांक’ शब्दाचा. ‘दोन पूर्णांक एक छेद तीन’ वाचल्यावर मुलं ती संख्या पूर्णांकांत (… −२, −१, ०, १, २ …) टाकतात. ती ७/३, नुसती परिमेय. ‘पूर्ण संख्या’ ०, १, २, ३… इथवरच. −५ पूर्णांक आहे, पूर्ण संख्या नाही.

प्रश्न : ‘लहान-मोठी’चं काय? −३ पेक्षा −७ मोठी वाटते.

— मोठं आहे ते केवलमूल्य, म्हणजे शून्यापासूनचं अंतर. संख्यारेषेवर उजवीकडे असेल ती मोठी, म्हणून −३ > −७. ३√२ आणि २√५ चे वर्ग १८ आणि २०, म्हणून ३√२ < २√५. दोन्ही ऋण केल्या की चिन्ह उलटतं.

— तिरकस गुणाकाराने (एकीचा अंश गुणिले दुसरीचा छेद) तुलना करणाऱ्यांनी छेद आधी धन करावा. १/−२ आणि −२/३ घ्या. तसेच गुणले तर ३ आणि ४ येतात नि पहिली लहान ठरते. −१/२ असं लिहून गुणा : −३ आणि −४. पहिलीच मोठी.