शाश्वत डिझाइनमध्ये करिअर: आधी पदवी, आधी नोकरी की आधी वस्तीतलं काम?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, सध्या चाकणजवळ एका कंपनीत पॅकेजिंग डिझायनर. बी.डेस. झाल्यापासून हेच करतोय: शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे पाऊच, मिठाईची खोकी. हल्ली प्रत्येक ब्रीफमध्ये 'सस्टेनेबल' हा शब्द असतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'कोपऱ्यात एक हिरवं पान छापा' एवढाच निघतो. मला या विषयात खरंच उतरायचंय. मटेरियल कुठलं, किती वापरायचं, वापरून झाल्यावर ते कुठे जाणार, हे जिथे ठरतं तिथे बसायचंय. शिकवायलाही आवडेल. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं काम बघतो, तेही वाढवावंसं वाटतं.

तर कर्ज काढून परदेशी एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करू? की सीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी प्रयत्न करू? की नोकरी सोडून एखाद्या संस्थेत जाऊ? घरी वडिलांचा एकच प्रश्न आहे, "यानं पोट भरतं का?" माझ्याकडे उत्तर नाही.

एक्सेलवीर

पोटाचं मी सांगतो. भरतं. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून आमच्यासारख्या सल्लागार कंपन्यांत माणसं हवीच असतात. पण हे डिझाइन नव्हे. कंपनीनं आधीच जे करून ठेवलंय त्याचा हिशेब आम्ही नीट मांडतो. वीज किती, पाणी किती, कचरा किती टन. तुम्ही म्हणता ते 'ठरतं तिथे' आमच्याकडे नाही, आमच्याकडे 'ठरून गेल्यावर' आहे.

शिसपेन्सिल

कृष्णाकाठ, माझी पन्नाशी उलटली, त्यामुळे थेट 'तू' म्हणते. निम्मा आठवडा कंपन्यांना सल्ला देते, दोन दिवस एका डिझाइन कॉलेजात शिकवते, उरलेला वेळ आमच्या प्रभागातल्या सॉर्टिंग शेडवर, जिथे कचरावेचक बायका सुका कचरा वेगळा करतात. तू लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, पण त्या तू म्हणतोस त्या क्रमानं आल्या नाहीत.

'सस्टेनेबल डिझाइन स्ट्रॅटेजिस्ट' नावाची जागा शोधत बसलास तर बसूनच राहशील. तुला हवंय ते टेबल डिझाइन खात्यात नसतंच, ते परचेसमध्ये असतं. उदाहरण तुझ्याच धंद्यातलं देते. पेट बाटलीवर गळ्यापासून बुडापर्यंत चढवलेला रंगीत स्लीव्ह असतो ना? शेडवर एक मावशी अशी बाटली मांडीत आडवी धरतात, ब्लेडनं उभी चीर देतात, स्लीव्ह ओरबाडून काढतात आणि मग बाटली पोत्यात टाकतात. का? बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, झाकण पीपी किंवा एचडीपीई या हलक्या प्लास्टिकचं असतं, ते पाण्यात तरंगतं, पेट बुडतं, त्यामुळे चुरा केल्यावर ती दोन आपोआप वेगळी होतात. स्लीव्ह पीव्हीसी या जड प्लास्टिकचा असला तर तो पेटबरोबरच बुडतो. नंतर पेट वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळतं, आम्ल सोडतं आणि सगळा माल पिवळा पडतो. तरंगणाऱ्या प्लास्टिकचा स्लीव्ह वापरला, किंवा स्लीव्हऐवजी धुतल्यावर सुटणारं छोटं लेबल लावलं, तर ते ब्लेड लागतच नाही. आता हे तू मीटिंगमध्ये 'पर्यावरणासाठी' म्हणून मांडलंस तर लोक माना डोलावतील आणि काही होणार नाही. दर बाटलीमागे किती पैसे वाढतात, मशीनचा वेग कमी होतो का, सप्लायर कोण, हे सांगितलंस तर परचेसवाला वही उघडतो. वर फेब्रुवारी २०२२ पासून प्लास्टिक पॅकेजिंगला ईपीआर (कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर) लागू आहे, कडक, लवचीक, मल्टिलेअर म्हणजे अनेक थरांचं असे वेगवेगळे गट करून. म्हणजे आता कायदाही तुझ्या बाजूनं बोलतो. स्ट्रॅटेजी म्हणतात ती मला तरी एवढीच माहीत आहे.

एलसीए शीक, म्हणजे वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो त्याचा हिशेब. त्याचं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आयएसओ १४०४० हे मानक एकदा नीट वाच. सगळ्यात जास्त वेळ 'फंक्शनल युनिट'वर, म्हणजे तुलना नक्की कशाची यावर, घालव. तुलना बाटली विरुद्ध पाऊच अशी नसते, 'एक लिटर तेल घरात पोचवणं' अशी असते. गंमत अशी की या हिशेबात पातळ मल्टिलेअर पाऊच बऱ्याचदा जिंकतो, वजनच नगण्य असतं त्याचं. आणि शेडवर त्याच पाऊचला कुणी हात लावत नाही, कारण तो विकलाच जात नाही. दोन्ही खरं आहे. यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपण देतोय हे क्लायंटला तोंडावर सांगावं लागतं. बहुतेक सल्लागार इथेच गप्प बसतात, असो.

आता समाजकार्याचं. पुण्यातलं सगळ्यात मोठं शाश्वत डिझाइन कुठलं असं मुलांना विचारलं की ती कुठल्या तरी हिरव्या इमारतीचं नाव घेतात. मी म्हणते, कचरावेचकांची संघटना. ते काम डिझाइन कॉलेजातून निघालेलं नाही. एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचक बायकांबरोबर काम करत होत्या. बायकांबरोबर फिरल्यावर कळलं की घराघरात कचरा वेगळा करून मिळाला तर उकिरड्यावर हात घालावा लागत नाही आणि कमाईही वाढते. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. १९९६ मध्ये महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली. २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात झाली, मालकी कचरावेचकांचीच. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही कल्पनाही त्यांनीच घरोघर नेली. खर्च जवळपास शून्य, आणि उचलणाऱ्या बाईला न उघडता कळतं आत काय आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडच्या उत्पादकांनी पाकिटाबरोबर ती टाकायला पिशवी द्यावी असं आलं. माझ्या मते लाल ठिपका हा अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवायचा धडा आहे.

शिकवण्याबद्दल थोडक्यात: व्हिजिटिंग फॅकल्टीच्या मानधनात घर चालत नाही, कायम नोकरीला मास्टर्स लागते. पण मुलं छान अडकवतात. एका बॅचनं शेडसाठी सॉर्टिंगचं टेबल बनवलं. उंची मोजून, कडा गोल करून, देखणं. बायकांनी कौतुक केलं आणि खाली बसूनच काम चालू ठेवलं. मुलांनी कारण विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "टेबल झकास आहे गं, पण एवढं पोतं वर कोण उचलणार?" आता त्यावर डबे ठेवतात. त्याच मुलांनी नंतर भिंतीला आकडे ठोकून पोत्यांची तोंडं उघडी राहतील अशी सोय केली, ती मात्र रोज वापरात आहे. मार्क मी त्या आकड्यांना दिले.

जमलं तर पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन ये. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला. हातानं काम करत शिकवणं म्हणजे काय ते तिथे दिसतं, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) तिथेच आली.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आहे, मास्टर्स इथेच केलं. नुसत्या शिक्क्यासाठी येऊ नका, कर्ज फार मोठं होतं. एलसीए आणि धोरण खोलात शिकायचं असेल तर मात्र जागा उत्तम. एक सांगतो, युरोपचा नवा इकोडिझाइन नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाला. त्यात वस्तूंचा डिजिटल पासपोर्ट, म्हणजे वस्तू कशाची बनली वगैरे माहितीची नोंद, आहे, आणि पहिल्या यादीत कापड आणि फर्निचर आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांना धाग्यापासूनची माहिती ठेवावी लागेल अशी चिन्हं आहेत. इचलकरंजीत हे मराठीत समजावून सांगणारा माणूस लागेल. कृष्णाकाठ, कराडहून फार लांब नाही!

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. ताई, नोकरी न सोडता सुरुवात करता येईल का? आणि शेडवर पाहुण्यासारखं जायला संकोच वाटतो. फोटो काढून निघून जाणाऱ्यांतला एक व्हायचं नाही.

शिसपेन्सिल

नोकरी मुळीच सोडू नकोस. परचेसचं टेबल तुझ्या मजल्यावर आहे, ते सोडून कुठे शोधणार? तुझ्याच कंपनीची एक बाटली घे, तिचं बीओएम, म्हणजे सगळ्या भागांची यादी, काढ, प्रत्येक भागाचा भाव शेजारी लिही आणि भंगारात त्याला काय मिळतं ते तिसऱ्या रकान्यात. हा कागद तुझ्या एम.डेस.च्या पोर्टफोलिओतही चालेल, पुढेमागे ते करायचं झालं तर.

शेडवर रिकाम्या हातानं उभं राहिलास की पाहुणाच वाटशील. बसून वर्गवारी कर, फोन खिशात. आधी संस्थेच्या कार्यकर्त्यांना विचारून जा, आणि सकाळी जाऊ नकोस, तेव्हा बायका घरोघर फिरत असतात. दुपारी त्या शेडवर येतात. आमच्याकडे यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बूट बंद घाल, काचा असतात. वडिलांना तूर्तास एक्सेलवीरांचा प्रतिसाद वाचायला दे, निदान पहिली दोन वाक्यं.

कृष्णाकाठ

व्यनि केलाय. वडिलांनी पहिली दोन वाचून पुढचीही वाचली, आता विचारतायत, "मग हिशेबाचंच काम का नाही करत?"