एकट्याने पावागड: नवीन काय कळलं ते सांगा

रविवारी बडोद्याहून एकटाच पावागडचा डोंगर चढायला जातोय, रोपवे नको. पाणी किती घेऊ? रेंज गेली तर नकाशा चालतो का?

› चालतो. जीपीएसला रेंज लागत नाही, उपग्रहाचा सिग्नल पुरतो. नकाशा मात्र घरीच डाउनलोड करा. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, म्हणून फ्लाइट मोड.

› पाणी 3 लिटर. ओआरएसचं 1 लिटरवालं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतू नका, द्रावण खारट होऊन तहान उलट वाढते.

› उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात. आधी टाच मागे ठोका, मग घोट्याजवळची नाडी आवळा. शिट्टीही ठेवा, अडकलात तर मदतीच्या इशाऱ्यासाठी: मिनिटात 6 फुंका, मिनिटभर थांबा, पुन्हा 6. (रोपवे सुटतो त्या माचीच्या गर्दीत कोणी ढुंकूनही बघणार नाही, आडवाटेला उपयोगी.)