भाड्याच्या खोलीत पेटी दुरुस्ती करतोय, खाली मालकीणबाईंचं कार्पेट आहे, काय अंथरू?

सूरपेटी:
नमस्कार मंडळी. सहकारनगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्यातली १० बाय १२ ची खोली हार्मोनियम दुरुस्तीसाठी वापरतोय. आधीच्या भाडेकरूंचं तिथे ऑफिस होतं त्यामुळे खोलीभर बिस्किटी रंगाचं कार्पेट चिकटवलेलं आहे आणि मालकीणबाईंनी किल्ली देतानाच सांगितलं की बाकी काही म्हणणं नाही, कार्पेटला डाग नको. काम म्हणजे भाता बदलणं, रीड (पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या) लावणं, थोडं रंधा-पटाशीचं आणि शेवटी फ्रेंच पॉलिश. मागच्या आठवड्यात प्लास्टिकची ताडपत्री टाकून बसलो तर ती पायाखाली सरकते, पटाशी पडून भोकही पडलं, आणि काल एक पितळी स्क्रू कडेने कार्पेटमध्ये गेला तो अजून सापडला नाही, पितळ लोहचुंबकाला लागत नाही. फार खर्च झेपणार नाही पण डिपॉझिट जाण्यापेक्षा आत्ता थोडे पैसे गेलेले बरे. कोणी केलंय का असं काही?

रंधाकरवत:
ताडपत्री आधी काढा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट असते, प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि कार्पेटला बुरशी धरते, मी धायरीला असताना एक पावसाळा हेच केलं होतं आणि तो वास शेवटपर्यंत गेला नाही. खाली जुन्या सुती चादरी आणि वर प्लाय टाका. शीट ८ बाय ४ ची येते, तीन शीट शेजारी शेजारी लावल्या की १२ बाय ८ झालं, उरली २ फुटांची पट्टी, त्यासाठी चौथी शीट उभी चिरून २ बाय ८ चे दोन तुकडे करायचे, एक अख्खा आणि दुसऱ्यातला अर्धा लावला की १२ फूट भरतात. म्हणजे चार शीटमध्ये खोली होते. साधा कमर्शियल प्लाय चालेल पण ६ एमएम घेऊ नका, मऊ कार्पेटवर सांधे खालीवर होतात, निदान ९ घ्या. भिंतीपासून बोटभर जागा सोडा. सांध्यांवर वरून बॉक्स टेप मारा, कार्पेटला मात्र कुठलाच टेप लावू नका, डबल टेप तर नकोच, त्याचा चिकटा निघता निघत नाही. दार आत उघडत असेल तर आधी खालची फट मोजा नाहीतर प्लाय टाकल्यावर दार उघडायचंच नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलात तर तिथेच कापून मागा.

वंदना_पेठकर:
दादा, प्लायबद्दल वर सांगितलंय ते बरोबर आहे, मी पॉलिशबद्दल लिहिते कारण खरा डाग त्याचाच पडतो. फ्रेंच पॉलिशमध्ये चपडा म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळलेली असते, ते पॉलिश सांडलं की सांध्यातून खाली झिरपतं आणि कार्पेट चिकटवलेलं असेल तर स्पिरिट त्या गोंदापर्यंत जाऊ शकतं. म्हणून पॉलिश शक्यतो गच्चीत नाहीतर बाल्कनीत करा. पावसामुळे आतच करावं लागलं तर बाटली पसरट ताटात ठेवा, खिडकी उघडी, जवळ उदबत्ती निरांजन काही नको, आणि स्पिरिटचे बोळे खोलीत साठवू नका. सांडलंच तर घासायचं नाही, कोरड्या फडक्याने टिपायचं, घासलं की डाग पसरतो. फेव्हिकॉल सांडला तर ओला असतानाच पाण्याच्या फडक्याने टिपून घ्या, वाळला की तंतूंना धरून बसतो.

रीडचं काम परातीत करा, खरंच सांगते. सूर जुळवताना रीड टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, दोन्हीत पितळेचा बारीक कीस पडतो, तो परातीतच राहतो आणि स्क्रूही कुठे जात नाही. हरवलेल्या स्क्रूसाठी व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा रबरबँडने लावून फिरवा, स्क्रू मोज्याला येऊन चिकटेल.

अकरा_महिने:
प्लाय आणायच्या आधी करार काढून वाचा. बहुतेक करारांत जागा फक्त राहण्यासाठी असं कलम असतं. मालकीणबाईंना स्पष्ट सांगा आणि त्यांचं हो लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. कार्पेटचे आत्ताचे फोटो तारखेसकट काढून त्यांनाच पाठवा, आधीच्या ऑफिसच्या टेबल-खुर्च्यांचे खड्डे आणि जुने डाग दिसले पाहिजेत. माझ्या आधीच्या घरमालकांनी आधीपासूनच्या डागाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले आणि माझ्याकडे एक फोटो नव्हता.

सूरपेटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रू मोज्याने मिळाला, सोबत आधीच्या ऑफिसच्या पाच-सहा स्टेपलर पिनाही निघाल्या. दार आतच उघडतं आणि खालची फट ९ एमएमपेक्षा कमी आहे, त्यामुळे दाराचा फेरा सोडून प्लाय कापून घेणार, तेवढ्या भागात सुती सतरंजी टाकेन. मालकीणकाकूंना काल सांगितलं, करारात राहण्यासाठी असंच आहे पण दुरुस्तीला हरकत नाही असा मेसेज त्यांनी केला. दिवाळीच्या साफसफाईला प्लाय उचलून खाली दाखव एवढं म्हणाल्या.

रंधाकरवत:
दिवाळीपर्यंत थांबू नका, पावसाळ्यात महिन्यातून एकदा एक कड उचलून हात लावून बघा. दमट वाटलं तर दोन दिवस प्लाय उभा करून पंखा सोडा. आणि भिंतीच्या कडेला वाळवीची माती दिसते का तेही बघा, लाकडाचा भुसा असतो तिथे ती येते.