मदत हवी आहे : माचाच्या गुठळ्या जातच नाहीत

पोरगी पुण्याहून ३० ग्रॅम माचाची डबी घेऊन आली. जपानची हिरव्या चहाची पूड, गाळायची नाही, तशीच प्यायची म्हणे. मी आपल्या चहासारखी खळखळ उकळत्या पाण्यात टाकली, तर कडूजहर झाली बाप्पा! मग कळलं, पाणी ७०-८० अंशांचंच हवं. थर्मामीटर घरी नाही. उकळी आल्यावर किती वेळ थांबू? ही पूड घुसळायचा बांबूचा ब्रश आमच्या तालुक्यात मिळायचा नाही. ताकाच्या रवीनं घुसळलं, तर तळाशी हिरव्या गुठळ्या तशाच. आधी मैद्याच्या चाळणीतून काढू का? म्हशीच्या दुधात चालते, की साय नडते? उरलेली शंकरपाळ्यांत घातली तर तळताना रंग टिकेल? ऊन ४५ अंशांवर गेलंय, दुपारी लाइनही जाते. डबी ठेवू कुठं?