फोल्डस्कोपमधून (कागदी सूक्ष्मदर्शक) नुसते काळे गोळे दिसतात, मदत हवी आहे

बागवान_निफाड: पानावरची बुरशी कोणती ते बघायचंय. सेलोटेपने उचलली, काचपट्टीवर चिकटवली, मोबाइल लावला. काळ्या कडेचे गोळे दिसतात. झूम केलं की सगळं काळं. उद्या सकाळी फवारणी आहे. हेच बीजाणू का? लवकर सांगा.

घाटावरची: पीक कोणतं? टेप पानाच्या वरून लावली की खालून? फोटो कुठाय?

बागवान_निफाड: द्राक्ष, अजून काय. वरून.

जुनाखेळाडू: कागदी खेळणी ठेवा बाजूला, बोर्डो मारा, तांबं-चुन्याचं मिश्रण. १८८५ पासून फ्रान्सवाले द्राक्षाच्या डावणी रोगावर हेच मारतात.

बागवान_निफाड: पण डावणी आहे का भुरी तेच कळेना. भुरीला गंधक चालतं, डावणीला त्याचा उपयोग शून्य.

तिरकासूर: डावणी, म्हणजे केवडा, मुळात बुरशीच नाही. ऊमायसीट आहे, तपकिरी शेवाळांच्या भावकीतला.

घाटावरची: सर, त्यांची उद्या फवारणी आहे.

चष्मेवाला: फोनला दोन-तीन कॅमेरे आहेत ना? झूम केलं की फोन परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो, फोल्डस्कोप फोनला धरणारं चुंबक राहतं पहिल्यावर. म्हणून काळोख. झूम न करता फोटो काढा, मग मोठा करून बघा.

कोकणकन्या७: यातून अंगणातली अळंबी खायची की नाही ते कळतं का?

चष्मेवाला: नाही. खाऊ नका.

घाटावरची: गोळे लहानमोठे, कड जाड काळी, मध्ये लख्ख? मग ते हवेचे बुडबुडे. पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर टेप एका कडेकडून हळूहळू टेकवत न्या. भुरीचे बीजाणू पिंपासारखे, माळेत असतात. डावणीचे लिंबाच्या आकाराचे, काटकोनात फुटलेल्या फांद्यांच्या टोकाला. फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो, दोन्ही दिसतात. डाग पिवळे तेलकट असतील तर टेप खालून लावा. खाली पांढरं नसेल तर पान ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा.

तिरकासूर: 'काटकोनात' नाही, साधारण काटकोनात.

बागवान_निफाड: डाग तेलकटच आहेत. पान उलटं केलं तर शिरेलगत कापसासारखं पांढरं. टेप खालून लावली. फांद्या दिसल्या, दोन-तीन लिंबंही सुटी पडलेली. गंधकाची पिशवी शेडमध्ये परत ठेवली.

जुनाखेळाडू: मी पहिल्यापासून बोर्डोच म्हणत होतो.

बागवान_निफाड: भाऊ, बाग फुलोऱ्यात आहे.

जुनाखेळाडू: मग ते आधी सांगायचं ना! फुलोऱ्यात तांबं नको.

कोकणकन्या७: बरं, वाळवून खाल्ली तर?