जुन्या विनोदी कार्टूनमधून अर्थशास्त्र शिकवावं का?

रीळवेडा
परवा १९५४ सालचं 'बाय वर्ड ऑफ माउस' पुन्हा पाहिलं. जर्मनीतला उंदीर अमेरिकेत नातेवाइकाकडे येतो आणि खरेदीची झुंबड बघून चक्रावतो. मग एक प्राध्यापक उंदीर त्याला समजावतो: माल जास्त निघाला की नगामागे खर्च उतरतो, किंमत उतरते, गिऱ्हाईक वाढतं. आणि हे सगळं सिल्व्हेस्टर बोका मागे लागलेला असताना! धडा तुटतो, उंदीर पळतात, धडा पुन्हा सुरू. ही तोडातोडच कामाची आहे. पुढचं वाक्य कधी येतंय म्हणून आपण कान टवकारून बसतो. आलेख बघून ज्यांना झापड येते, त्यांच्याही हे काही मिनिटांत डोक्यात बसतं. शाळांनी बिनधास्त दाखवावं.

ताळेबंद
बिनधास्त? अजिबात नको. पैसे कुणी दिले ते बघा. आल्फ्रेड स्लोन फाउंडेशनने, आणि स्लोन म्हणजे वर्षानुवर्षं जनरल मोटर्सचे प्रमुख. १९४९चं 'व्हाय प्ले लीप फ्रॉग?' घ्या. बाहुल्यांच्या कारखान्यातला 'जो' नावाचा कामगार महागाईवर वैतागतो. त्याला पटवलं जातं की पगार वाढला की किंमतही वाढणार, तेव्हा उत्पादन वाढव. पण १९४६मध्ये किंमतनियंत्रणं उठली आणि युद्धात दबलेली मागणी उसळली, भाव त्यानेही भडकले होते. धडा मात्र जोच्या पगाराभोवतीच फिरतो. हसणारा माणूस हुज्जत घालत नाही, माझी हरकत नेमकी तिथे आहे.

रीळवेडा
जोबद्दल मान्य. पण नगामागचा खर्च उतरतो, हे स्लोनचे पैसे लागले म्हणून खोटं ठरत नाही.

ताळेबंद
खोटं नाही, अर्धं आहे. उतरलेल्या खर्चातलं कुणाच्या पदरात किती पडलं, हा उरलेला अर्धा भाग.

खडूफळा
डोनाल्डला विसरलात दोघं! १९४२चं 'द न्यू स्पिरिट' डिस्नेने अमेरिकी अर्थखात्यासाठी केलं. डोनाल्ड आयकराचा फॉर्म भरायला बसतो, पुतणे अवलंबून आहेत असं लिहितो, कर निघतो १३ डॉलर. तो द्यायला स्वतःच वॉशिंग्टनला धावत सुटतो. प्रचारच तो, पण उघड: युद्धाला पैसा हवाय, कर वेळेवर भरा. फॉर्मची भीती यापेक्षा चांगली घालवणारं मी काही पाहिलेलं नाही.

जोची फिल्म मी वर्गात मध्येच थांबवते आणि सांगते, आता जोच्या जागी तुम्ही विचारा. मागच्या बाकावरून आलं, "मालकाला किती सुटतात?"

ताळेबंद
असं थांबवून दाखवणार असाल तर जरूर दाखवा. माझं भांडण त्या 'बिनधास्त'शी होतं.