घरच्या डेस्कटॉपचा आवाज कमी कसा करावा?

प्रश्न
काहीही काम चालू नसताना कॉम्प्युटरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो. शिवाय ब्राउझर उघडला की एक पंखा दोन सेकंद जोरात फिरतो, मंदावतो, पुन्हा जोर धरतो. प्रोसेसर ६५ वॉटचा, कॅबिनेटला १२० मिमीचे तीन पंखे, एक ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. आतून फोम लावावा, की सगळे पंखे बदलावेत?

प्रतिसाद १
इतक्यात दोन्ही नको. आधी आवाज कुणाचा ते शोधा. साइड पॅनेल काढा आणि एकेका पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून तो क्षणभर थांबवा. पात्यांना हात लावू नका, प्रोसेसरचा पंखा दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अडवू नका. पॉवर सप्लायपर्यंत बोट पोचत नाही, तिथे पुठ्ठ्याची नळी कानाला लावून ऐका.

वर-खाली होणारा आवाज मात्र बायोसमध्येच (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) सुटेल. ब्राउझर उघडताच प्रोसेसरचं तापमान एकदम उडी मारतं आणि पंखा त्याच्या मागे धावतो. फॅन कंट्रोलमध्ये 'स्टेप अप टाइम' (तापमान वाढल्यावर पंख्याने किती सावकाश वेग वाढवायचा) किंवा तसाच पर्याय असेल, तो पाच सेकंदांच्या आसपास ठेवा. ५० अंशांपर्यंत पंखा ३० टक्के, ७० ला ६०, ८५ ला १०० अशी सुरुवात करून बघा.

चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम मोड (वेग चौथ्या पिनेवरच्या सिग्नलने ठरतो), तीन पिनांच्याला डीसी (वेग व्होल्टेज कमी-जास्त करून ठरतो). इथेच बहुतेकांची चूक होते: तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगात फिरतो. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा तीन संथ फिरवलेले बरे.

प्रतिसाद २
घुंऽऽ बहुधा डिस्कचा. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि ती थरथर कॅबिनेटचा पत्रा मोठी करून ऐकवतो. पत्र्यावर तळहात दाबून धरा; आवाज बदलला तर खात्री झाली. डिस्क रबरी वॉशरवर बसवा आणि स्क्रू करकचून आवळू नका, नाहीतर रबर दबून थरथर थेट पत्र्यात जाते. खरा इलाज म्हणजे सिस्टीम एसएसडीवर (काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर) घेणं आणि डिस्क २० मिनिटांनी झोपेल असं सेटिंग करणं. पाच मिनिटं ठेवू नका, सारखं थांबणं-सुरू होणं डिस्कला झिजवतं.

फोमचा इथे उपयोग नाही. १२० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर, बोटभर फोम ती काय शोषणार! उलट हवेची वाट अडली तर पंखे आणखी जोरात फिरतील.

प्रतिसाद ३
हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमधली धूळ काढा, पण हवा मारताना पंखा धरून ठेवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. खरखर येत असेल तर तेल थोडेच दिवस पुरतं, पंखा बदलाच. पॉवर सप्लाय उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये घातक चार्ज राहू शकतो.

प्रश्नकर्ता
मागचा पंखा तीन पिनांचा निघाला, मोड पीडब्ल्यूएम होता. डीसी केल्यावर पुष्कळ फरक पडला. पण ३० टक्क्यांवर कधीकधी सुरूच होत नाही.

प्रतिसाद १
फिरत राहायला लागतं त्यापेक्षा थांबलेल्या पंख्याला सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. बंद अवस्थेतून तो ज्या आकड्याला हमखास फिरू लागेल, त्यात पाच टक्के मिळवून तीच किमान पातळी ठेवा.